पतित नायकाचें पुनःपतन

संस्कृत नाट्यशास्त्रकारांनीं नायकासमोर प्रतिनायक उभा केला. रामापुढें रावण, युधिष्ठिरापुढें दुर्योधन, अशी ती जोडी असे. आणि आपण कोणाच्या बाजूस उभें राहावयाचें याविषयीं प्रेक्षकाच्या मनांत कधीं संदेह उत्पन्न होत नसे. गेल्या पंचवीस वर्षांत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जो पुरुष येऊन बसला आहे त्याची गोष्ट निराळी आहे. तो बसतो नायकाच्या आसनावर आणि कृत्यें करतो प्रतिनायकाचीं. आपण त्याच्या घरांत शिरतों, त्याच्या अडचणी जाणतों, त्याची लबाडी उघडकीस येऊं नये म्हणून श्वास रोखून बसतों, आणि खेळ संपल्यावर आपण कोणाची बाजू घेतली होती हें आठवून थोडे ओशाळतों. अशा पुरुषास आम्ही येथें पतित नायक म्हणूं.

या नायकाचें अधःपतन दाखविणें फारसें अवघड नाहीं. उतारावर धोंडा सोडला म्हणजे तो आपोआप खालीं जातो. लेखकाची खरी परीक्षा त्याच्या पुढें आहे. पतित मनुष्य एकदां सांवरतो, शपथ घेतो, चार दिवस नीट वागतो, आणि पुन्हा जुन्या संवयीकडे वळतो. हें वळण लेखक कसें रंगवितो यावरून त्याला मनुष्यस्वभाव कितपत कळला आहे तें समजतें. आमच्या मतें या पुनःपतनाच्या कसोट्या दोन आहेत. त्याला त्या मनुष्याच्या मनांत कांहीं सबळ कारण असलें पाहिजे, आणि त्याची किंमत कोणीतरी खरोखर मोजली पाहिजे. या दोन कसोट्या लावून आम्ही तीन पुरुष तपासणार आहों : गडकऱ्यांचा सुधाकर, ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेंतील वॉल्टर व्हाइट, आणि ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मराठी मालिकेंतील गुरुनाथ सुभेदार. यांपैकीं पहिला रंगभूमीवरचा आहे हें आम्ही जाणतों. पण इतर दोघांचें माप घ्यावयास मराठी वाङ्मयांत त्याच्याइतका चांगला गज आम्हांस आढळत नाहीं.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें वारले, आणि पुढच्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणला. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधु. नाटकाची हकीकत वाचकांस विदितच आहे. सुधाकर हुशार वकील, पण मानी. भर कोर्टांत त्याचा अपमान होतो, कांहीं काळ सनद जाते, आणि ती जळजळ विसरण्यासाठीं त्याचा कारकून तळीराम त्याच्या हातीं पहिला पेला देतो. तेथून तो आर्यमदिरामंडळाच्या बैठकींत जाऊन बसतो; घर बुडतें; सिंधु पोटासाठीं लोकांचें दळण दळूं लागते. येथपर्यंतची कथा सामान्य लेखकालाही सुचली असती. दारूच्या दुष्परिणामांवर त्या काळीं व्याख्यानें कांहीं थोडीं होत नव्हतीं.

गडकऱ्यांचें सामर्थ्य यापुढें दिसतें. सुधाकर शुद्धीवर येतो आणि दारू सोडतो. ही त्याची प्रतिज्ञा लटकी नाहीं. त्या क्षणीं तो पूर्णपणें प्रामाणिक आहे, आणि सिंधूचा चेहरा पाहून प्रेक्षकालाही सुटल्यासारखें वाटतें. मग तो काम शोधावयास बाहेर पडतो. जे पूर्वीं त्याच्या पंक्तीला बसत त्यांच्याच दारीं तो लहानशी चाकरी मागूं लागतो. त्याला चाकरी मिळत नाहीं, हेटाळणी मिळते. कालचा दारुडा आज भला माणूस झाला यावर विश्वास ठेवावयास प्रतिष्ठित मंडळी तयार नाहींत. तो परत फिरतो आणि पेला पुन्हा उचलतो. आतां वाचकांनीं पाहावें कीं पहिल्या पेल्याचें कारण आणि या परतीच्या पेल्याचें कारण एकच आहे : मानहानि. पहिल्या अंकांत जी जखम लेखकानें दाखविली होती तीच पुन्हा उघडते. तळीरामानें आग्रह केला किंवा लेखकाला कथानक वाढवावयाचें होतें, अशा कारणानें सुधाकर परत गेला नाहीं. तो ज्या ठिकाणीं दुबळा होता नेमक्या त्याच ठिकाणीं त्याच्यावर घाव बसला.

आणि किंमत? तीही तितकीच निर्दयपणें मोजली जाते. दारूच्या भरांत त्याच्या हातून पोटचें मूल मरतें, सिंधु जबर जखमी होते, आणि मरतां मरतां पतीला वांचविण्यासाठीं पोलिसांपुढें खोटी जबानी देते. सुधाकर विष घालून शेवटचा पेला पितो. पडदा पडल्यावर या घरांत पुन्हा कांहीं घडावयाचें शिल्लक राहत नाहीं. ‘एकच प्याला’मध्यें शाब्दिक कोट्यांचा अतिरेक आहे, भाषणें लांबलीं आहेत, आणि सिंधूचें पातिव्रत्य इतकें आत्यंतिक आहे कीं आजच्या वाचक भगिनींस तें असह्य व्हावें, हे दोष आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पुनःपतनाच्या दोन्ही कसोट्यांस हें नाटक शंभर वर्षांनंतरही पूर्णपणें उतरतें.

याच नाटकांत भगीरथ नांवाचें एक पात्र आहे. प्रेमभंगामुळें तोही मद्यपी झालेला आहे. परंतु रामलाल त्याला हात देतो आणि लोकसेवेचें कार्य त्याच्यापुढें ठेवतो. भगीरथ पुन्हा पेल्याकडे जात नाहीं. टीकाकारांनीं भगीरथास बहुधा उपकथानकाचा नायक म्हणून बाजूस सारलें आहे. आम्हांस तो सुधाकराच्या जोडीला मुद्दाम ठेवलेला दिसतो. परत फिरण्याची वाट दोघांनाही सांपडली होती. एकाला त्या वाटेवर काम मिळालें, दुसऱ्याला मिळालें नाहीं.

आतां वॉल्टर व्हाइटकडे वळूं. विन्स गिलिगन यांची ‘ब्रेकिंग बॅड’ ही मालिका २००८ च्या जानेवारींत सुरू झाली आणि २०१३ च्या सप्टेंबरांत संपली. एकंदर भाग बासष्ट. वॉल्टर हा अल्बुकर्की गांवच्या शाळेंत रसायनशास्त्र शिकविणारा पन्नाशीचा मास्तर. त्यास फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि मागें राहणाऱ्या बायकामुलांची तरतूद व्हावी म्हणून तो मादक द्रव्य तयार करून विकूं लागतो. आम्ही स्वतः आयुष्यभर मास्तरकी केलेली असल्यामुळें प्रारंभीं त्याच्याविषयीं आम्हांस आपलेपणा वाटला हें कबूल करतों. ज्यानें उत्तम शिकवावें, पण ज्याच्याकडे वर्गांत कोणी लक्ष देऊं नये, अशा मनुष्याचें दुःख या व्यवसायांतील लोकांस सांगावें लागत नाहीं.

परंतु लेखकानें पहिल्याच पर्वांत एक लहानशी खूण करून ठेवली आहे. वॉल्टरचा एक जुना, आतां श्रीमंत झालेला भागीदार त्याच्या औषधोपचाराचा भार उचलावयास तयार होतो, आणि वॉल्टर नकार देतो. कुटुंबासाठींच सर्व चाललें असेल तर ही मदत नाकारण्याचें कारण काय? उपकार घेणें त्याच्या अभिमानास झोंबतें, हें कारण. पुढें रोग आटोक्यांत येतो, पैसाही जमतो, आणि तिसऱ्या पर्वाच्या आरंभीं तो हा धंदा सोडल्याचें स्पष्ट सांगतो. गस फ्रिंग नांवाचा व्यापारी त्याला तीन महिन्यांस तीस लक्ष डॉलर देऊं करतो. तरी वॉल्टर बधत नाहीं. मग गस त्याला एक नवी कोरी, सुसज्ज प्रयोगशाळा दाखवितो, आणि पुरुषानें कुटुंबाचें पोषण केलेंच पाहिजे, मग त्याबद्दल कोणी त्याचा आदर करो वा न करो, अशा अर्थाचे चार शब्द सांगतो. वॉल्टर वळतो. जें द्रव्यानें झालें नाहीं तें प्रयोगशाळेनें आणि स्तुतीनें झालें. वर्गांत ज्याची कोणी किंमत केली नाहीं त्याला किंमत करणारा भेटला. शेवटच्या भागांत तो पत्नीजवळ कबूल करतो कीं हें सर्व त्यानें स्वतःसाठीं केलें. कुटुंबाचें नांव केवळ पुढें केलें होतें. तोंपर्यंत त्याचा साडू मारला गेलेला आहे, मुलगा त्याचें तोंड पाहावयास तयार नाहीं, आणि घर मोडलें आहे.

सुधाकर आणि वॉल्टर यांच्यामध्यें नव्वद वर्षांचें आणि सात समुद्रांचें अंतर आहे. एकाने मदत मागितली आणि त्याला मिळाली नाहीं; दुसऱ्याला मिळत होती आणि त्यानें घेतली नाहीं. पण दोघेही परत गेले ते दुखावलेल्या अभिमानाच्या वाटेनें, आणि दोघांच्याही लेखकांनीं ती वाट प्रेक्षकांस आधींच दाखवून ठेवली होती.

तिसरा पुरुष आमच्या घरांत आला तो रात्रीच्या जेवणाच्या वेळीं. आमचें मूळ गांव डोंगरकडा. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. नांदेडाहून हिंगोलीस जाणाऱ्या रस्त्यावर अर्धापूर सोडल्यावर हें गांव लागतें. भोंवतीं केळीच्या बागा आहेत. सुटींत आम्ही तेथें जातों तेव्हां वडील बंधु, वहिनी, सुना, नातवंडें, अशी सर्व मंडळी रात्रीं पडद्यासमोर बसलेली असते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ झी मराठी वाहिनीवर २०१६ च्या ऑगस्टांत सुरू झाली आणि २०२१ च्या मार्चांत संपली. भाग हजाराहून अधिक झाले. इतके दिवस गुरुनाथ आमच्या घरीं येत होता, आणि त्याला सर्व जण त्याच्या लाडक्या नांवानें, म्हणजे गॅरी म्हणून, ओळखत.

गुरुनाथाला राधिकेसारखी कर्तबगार पत्नी आहे, मुलगा आहे, बरी नोकरी आहे. तो शनाया नांवाच्या तरुणीच्या नादीं लागतो. उघडा पडतो, दीनवाणा होतो, पश्चात्तापाचें सोंग घेतो, पुन्हा नवी लबाडी रचतो, पुन्हा उघडा पडतो. हें चक्र साडेचार वर्षें फिरलें. मध्यंतरीं शनायेचें काम करणारी नटी बदलली; रसिका सुनील यांच्या जागीं ईशा केसकर आल्या, आणि २०२० सालीं रसिका सुनील पुन्हा परत आल्या; गुरुनाथ मात्र होता तेथेंच होता. पुढें शनायेलाही फसवून तो माया नांवाच्या तिसरीच्या मागें लागला. अभिजित खांडकेकर यांनीं ही भूमिका मोठ्या चपळाईनें केली. पकडल्या जाणाऱ्या लबाडाची तारांबळ त्यांनीं अशी दाखविली कीं आमची नातवंडें पोट धरधरून हंसत. दोष नटाचा नाहीं.

दोष हा कीं गुरुनाथाच्या परत जाण्याला कारण नाहीं. त्याचा कोठें अपमान झाला नाहीं, कोणी त्याला सुधारण्याची संधि नाकारली नाहीं. उलट संधि इतक्या मिळाल्या कीं त्यांची मोजदाद राहिली नाहीं. त्याच्या मनांत एखादी जखम आहे काय हें लेखकांनीं कधीं शोधलेंच नाहीं. तो परत जातो, कारण उद्यां पुढील भाग दाखवावयाचा आहे. दररोज चालणारी मालिका जाहिरातींच्या उत्पन्नावर चालते. दर आठवड्यास प्रेक्षकसंख्येचे आंकडे येतात, आणि ते चांगले आहेत तोंपर्यंत कथेला शेवट करण्याची कोणास घाई नसते. गडकऱ्यांना एका रात्रींत पडदा पाडावयाचा होता. गिलिगन यांना पांच पर्वांत संपवावयाचें होतें. ज्या कथेचा शेवट ठरलेलाच नाहीं तिच्यांत किंमत मोजण्याचा दिवस सारखा पुढें ढकलला जातो. तेथें नायक सुधारला तरी कथा मेली, आणि समूळ नष्ट झाला तरी कथा मेली. म्हणून त्याला उतारावर मधोमध धरून ठेवतात.

एक गोष्ट या मालिकेच्या बाजूनें अवश्य सांगितली पाहिजे. राधिका ही सिंधु नाहीं. अनिता दाते यांनीं उभी केलेली ही नागपूरकडची स्त्री रडते, पण रडून बसत नाहीं. मसाल्यांचा व्यवसाय करून स्वतःच्या पायांवर उभी राहते, आणि शेवटीं दुसरा विवाहही करते. शंभर वर्षांत आमच्या नायिकेनें एवढी मजल मारली याचा आम्हांस आनंद वाटतो, आणि आमच्या घरांतील सुना तिच्या बाजूनें हिरीरीनें बोलत तेव्हां हें काम व्याख्यानांनीं झालें नसतें असेंही आम्हांस वाटे. परंतु नायिकेला इतकें वाढविणाऱ्या लेखकांनीं नायकाला वाढूं दिलें नाहीं. सिंधूच्या शेजारीं एक माणूस होता. राधिकेच्या शेजारीं एक खेळणें आहे, किल्ली दिली कीं धांवणारें.

कोणी म्हणेल, चार घटकांची करमणूक; तिला एवढे गज कशाला लावावयाचे? आम्हीही असेंच म्हटलें असतें. पण आमच्या घरांत एक प्रसंग घडला आणि तेव्हांपासून आम्हांस तसें म्हणवत नाहीं.

मालिका ऐन भरांत असतांनाची गोष्ट. आमच्या बागेंत पूर्वीं केळीचे घड उतरविण्यास येणारा एक मनुष्य दारूच्या पायीं कामावरून गेला होता. तो एके दिवशीं सकाळीं ओसरीवर आला. दारू सोडल्याला चार महिने झाले, असें म्हणाला. अंगावर धुतलेला सदरा होता, डोळे स्वच्छ होते, आणि मागणी राखणदारीची होती. वडील बंधु स्वभावानें कठोर नाहींत. ते त्याला म्हणाले, “बाबा रे, आज सोडलीस, उद्यां पुन्हा धरशील. राखणीला भरंवशाचा माणूस लागतो.” आंतून कोणीतरी हंसून म्हणालें, “गॅरी पण लई वेळा सुधारला!” सर्व जण हंसले. तोही थोडा हंसला, आणि उठून गेला.

आम्ही त्या वेळीं त्याच ओसरीवर खुर्ची टाकून बसलों होतों. हातांत ‘एकच प्याला’ होता. सुटी संपल्यावर वर्गांत शिकवावयाचा होता म्हणून टिपणें काढीत होतों. सुधाकर चाकरीसाठीं दारोदार फिरतो त्या भागावर त्याच सकाळीं आम्हीं समासांत खूण केली होती. तरी आम्ही तोंडांतून एक शब्द काढला नाहीं. ज्या प्रतिष्ठित मंडळीविषयीं आम्ही तीस वर्षें विद्यार्थ्यांच्या मनांत चीड उत्पन्न करीत आलों, त्या मंडळींत आम्हीही बसलों होतों.

दोन महिन्यांनीं कळलें कीं तो पुन्हा पिऊं लागला. घरांत लगेच उद्गार निघाले, “पाहा, म्हटलें नव्हतें?” हेंच वाक्य, अगदीं याच स्वरांत, आम्हीं रात्रीं पडद्यापुढें अनेकदां ऐकलें होतें.

या मनुष्याच्या पुनःपतनाचा दोष आम्ही एखाद्या मालिकेवर लादीत नाहीं. तो दोष अर्धा त्याचा आणि अर्धा आमच्या ओसरीचा. लोकांनीं दारुड्याचा अविश्वास करावा हें तर गडकऱ्यांच्याही काळीं होतें. त्यावाचून तो भाग त्यांना लिहितां आला नसता. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं कथा दोन प्रकारांनीं संवय लावते. सुधाकराला परत जातांना पाहिलेला प्रेक्षक मनांत म्हणतो, त्या दिवशीं कोणी याला काम दिलें असतें तर? गुरुनाथाला तीनशें वेळां परत जातांना पाहिलेला प्रेक्षक म्हणतो, हे असलेच असतात. पहिला प्रश्न आपल्याकडे बोट दाखवितो. दुसरा उद्गार आपल्याला मोकळें करतो. कारणावांचून घडणारें पुनःपतन पाहतां पाहतां, जगांतील पुनःपतनालाही कारण नसतें, असें आपण मानूं लागतों. आणि मग ओसरीवर आलेल्या मनुष्याला उत्तर देणें फार सोपें होतें.

आमच्या मालिकालेखकांत बुद्धीची वाण नाहीं. राधिका ज्यांनीं लिहिली त्यांना गुरुनाथ लिहितां आला नसता असें नाहीं. त्यांना शेवट ठरवून लिहूं द्यावें, म्हणजे पुष्कळ होईल. वाहिन्या तसें केव्हां करतील हें त्यांचें त्यांना ठाऊक. तोंपर्यंत प्रेक्षकानें आपल्यापुरती एक काळजी घ्यावी : पडद्यावरचा मनुष्य पुन्हा घसरला म्हणजे “म्हटलें नव्हतें?” असें म्हणण्यापूर्वीं, तो कां घसरला हें एकमेकांस विचारावें. लेखकानें कारण दिलें असेल तर तें सांपडेल. नसेल दिलें, तर निदान तें दिलें नाहीं एवढें ध्यानांत येईल.

यंदा घड उतरविण्याच्या सुमारास तो मनुष्य पुन्हा आमच्या ओसरीवर आला. पुन्हा सोडली म्हणाला. या वेळीं दोन महिने झाले होते. वडील बंधूंशीं थोडें बोलून आम्हीं त्यास राखणीवर ठेवविलें आहे. तो किती दिवस टिकेल हें आम्ही सांगूं शकत नाहीं. त्यावर घरांत कोणी पैज लावूं नये, एवढें मात्र नातवंडांना बजावून ठेवलें आहे.